शिरपूरचं नेटवर्क

आमच्या संस्थेच्या संचालक मंडळात नऊ माणसं आहेत आणि नऊ जणांत मिळून एक धड डोकं निघणार नाही, हे माझं मत कधी बदललं नाही. फक्त ते त्यांच्यासमोर बोललो नाही. वाशिमला त्यांच्याच कॉलेजात मी कंप्युटर शिकवतो.

मंडळाचं सगळं बोलणं मोबाईलवरच्या ग्रुपवर चालायचं आणि संध्याकाळपर्यंत बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर पोचायचं. फोडणारे उपाध्यक्षच होते, हे शिपायालाही ठाऊक होतं. पण अध्यक्षांनी दोष काढला तो ॲपचा. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सर, आपल्या गोष्टी अमेरिकेच्या कंप्युटरात कायले ठेवाच्या? आपलंच काही बसवता येत नाई का?"

येतं. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर कुणालाही फुकट मिळतं, फक्त वाचता यायला हवं. लॅबमधला एक अडगळीतला कंप्युटर पुसून घेतला आणि त्यावर मेसेजचा सर्व्हर चढवला. दोन दिवसांत चालू. नऊ मोबाईलमध्ये ॲप मीच टाकलं, पासवर्डही मीच ठेवले, कारण एक संचालक पासवर्डच्या जागी दर वेळी आपलं पूर्ण नाव गावासकट लिहीत होते. एवढा खटाटोप करून पहिला आठवडाभर या गुप्त यंत्रणेवरून काय गेलं, तर सुप्रभात आणि गुलाबाची फुलं.

मग अध्यक्षांना व्हिडिओ हवासा झाला. तोही बसवला. चाचणीला अध्यक्ष केबिनमध्ये, उपाध्यक्ष स्टाफरूममध्ये, मध्ये एक भिंत. त्या भिंतीतून दोघांचा आवाज तसाही ऐकू येत होता. तरी मोबाईलवर एकमेकांचं तोंड दिसताच हरखले. "दिसून राह्यले बाप्पा!" लगेच नारळ आला, कंप्युटरच्या डब्याला हळदकुंकू लागलं. आमच्या घरात आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून हे प्रकार बंद आहेत. मी हाताची घडी घालून दारात उभा राहिलो आणि मनात हसत होतो. पेढा मात्र घेतला. तो माझ्या हुशारीचा होता.

त्याच महिन्यात इतिहासाच्या कायम जागेची मुलाखत निघाली. उमेदवार दोन. एक उपाध्यक्षांचा भाचा. त्याच्याबद्दल एवढंच सांगतो की नमुना पाठाच्या वेळी, पुस्तकात कुठवर आलंय, हे तो मुलांनाच विचारत होता. दुसऱ्या उमेदवार आमच्याकडे सहा वर्षं तासिकांवर राबलेल्या मॅडम. शिकवू लागल्या की माझी लॅब ओस पडे, पोरं त्यांच्या वर्गात जाऊन बसत. वयाची अट पुढच्या खेपेला ओलांडली जाणार होती, म्हणजे ही शेवटची संधी. आणि नेमका आठवा महिना. आमच्याच जिल्ह्यातल्या शिरपूरला सासरी पडून होत्या, डॉक्टरांनी एसटीचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं.

त्यांनी मला फोन केला. "सर, तुमचं व्हिडिओ चालते म्हणतात. त्याच्यावर घेतील का मुलाखत?"

मी अध्यक्षांना पटवलं. फार पटवावं लागलं नाही. आपलं यंत्र मिरवायला मिळतंय म्हटल्यावर ते तयार झाले. मॅडमना कळवलं, ॲप आणि पासवर्ड पाठवला, तर म्हणाल्या, "एकदा आधी करून पाह्यचं का सर?"

"कायले? इथं सगळं तपासलेलं हाये," मी म्हणालो. खरं तर मला त्यांचा रागच आला होता. मी बसवलेलं तपासून पाहणाऱ्या या कोण?

मुलाखतीच्या दिवशी आधी भाचा झाला. मग मी मोठा पडदा लावला, त्याला लॅपटॉप जोडला आणि मॅडमना कॉल केला. रिंग गेली. त्यांनी उचलला. पडद्यावर गोल चक्र फिरलं आणि काळं झालं. पुन्हा लावला, पुन्हा काळं. तिसऱ्यांदा तेच. तेवढ्यात हातातल्या मोबाईलवर त्यांचा मेसेज आला. "सर, मी आहे. तुमी दिसून नाई राह्यले." मागोमाग दुसरा. "आवाज पण नाई."

तेव्हा मला सगळं कळलं. केबिन आणि स्टाफरूम एकाच वायफायवर. बाहेरच्या मोबाईलला मेसेजची वाट मी मोकळी करून दिली होती, पण चित्र आणि आवाज वेगळ्या वाटेनं येतात आणि ती वाट सर्व्हरवर स्वतंत्र उघडावी लागते. सूचनांच्या पहिल्याच पानावर ते लिहिलं होतं. ते पान मी सोडलं होतं, कारण पहिली पानं अडाण्यांसाठी असतात अशी माझी समजूत.

तासाभराचं काम होतं. तेही नको, सगळे वापरतात त्या ॲपवरून मिनिटात कॉल लागला असता. पण मग नऊ जणांना कळलं असतं की माझं यंत्र भिंतीपलीकडे चालत नाही.

"शिरपूरले कुठचं आलं नेटवर्क!" उपाध्यक्ष म्हणाले.

जैन मंदिराला आलेले यात्रेकरू दिवसभर तिथून व्हिडिओ पाठवतात. शिरपूरला नेटवर्क वाशिमपेक्षा बरं आहे. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "नेटवर्कच हाये ना सर?"

"हो. नेटवर्कच."

मोबाईल थरथरत होता, तो मी टेबलावर पालथा घातला. मॅडमच्या नावापुढे गैरहजर लिहिलं गेलं. त्या तिकडे उशीला टेकून, धुतलेली साडी नेसून बसल्या होत्या, हे मी नंतर मेसेजमध्ये वाचलं. त्या नऊ जणांना मी आजही मूर्खच म्हणतो, पण त्या दुपारी त्या खोलीत हलकट एकटा मी होतो.

दुसऱ्या दिवशी ती वाट उघडली. आता अध्यक्ष पुण्याच्या नातवाशी त्याच सर्व्हरवरून बोलतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी तारीफ ऐकवतात. इतिहास भाचा शिकवतो.

पावसाळा संपताना मॅडम शिरपूरजवळच्या मालेगावच्या स्टँडवर भेटल्या. कडेवर बाळ, सोबत सासू. सासूबाईंनी लगेच मुलाखतीचा विषय काढला. हिचा मोबाईल जुनाट, तो बदल म्हणून घरातले सांगून थकले, हिनं ऐकलं नाही आणि नोकरी घालवली, असं त्यांचं म्हणणं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, तिकडं नेटवर्क सांगितलं म्हणतात. पण नेटवर्क नव्हतं तं माहे मेसेज तुमाले कसे पोचले?"

रिंग गेली, कॉल उचललाही गेला, हे संचालक मंडळातल्या नऊ जणांनी पाहिलं होतं, पण एकाच्याही डोक्यात असा प्रश्न आला नव्हता. त्या अगदी शांतपणे, वर्गात विचारतात तसं विचारत होत्या.

"जुन्या मोबाईलमध्ये होते तसं," मी म्हणालो. "मेसेज जातात, व्हिडिओ धरत नाही."

"पाय," सासूबाई म्हणाल्या, "सर बी तेच म्हनतात."

मॅडमनी मान हलवली. "माहीच चूक मंग," म्हणाल्या, आणि मला बसायला बाकावर जागा करून दिली.