ती बाई का गेली?

सिनेमा वाईट होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळे आडून आडून बोलणार आहेत.

नाव होतं ‘पाठमोरी’. पेठेतल्या एका खोलीत एक बाई कणीक मळते. खिडकीबाहेर बघते, पुन्हा मळते. मध्ये एक कबुतर वळचणीला येऊन बसतं आणि जायचं नाव घेत नाही. मग एके दिवशी ती बाई उठते, तोंडाला पदर लावते, सात वर्षांच्या मुलाला जवळसुद्धा न घेता घराबाहेर पडते. मध्यंतरानंतर बाप आणि मुलगा गप्प बसून जेवतात. शेवटी बाई परत येते आणि कणीक मळायला घेते. का गेली, का आली, कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. रविवारची सकाळ, फिल्म क्लबचा फुकट खेळ. तरी लोक घड्याळ बघत होते, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या रांगेत दिग्दर्शकाची आई बसली होती. सत्यशीलाबाई. इंद्रजीत त्यांचा एकुलता एक मुलगा, मुंबईला असतो, आणि हा त्याचा पहिला सिनेमा. आत जाण्याआधी त्याने त्यांना सांगून ठेवलं होतं, “आई, ही आपली गोष्ट नाहीये हं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.” बाई “बरं” म्हणाल्या. सत्यशीलाबाई बहुतेक गोष्टींना “बरं” म्हणत आल्या होत्या.

ओतूरकडच्या मळ्यातून त्या लग्न होऊन कसब्यात आल्या. नवरा, रंगराव, तांब्याच्या भांड्यांच्या दुकानात कामाला. घरात सासू आणि लग्नाची नणंद. बाईंनी खिडकीशी शिलाई मशीन टाकलं आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायला सुरुवात केली. आळीतल्या बायका फॉल लावायला येत आणि जाताना मन मोकळं करून जात, कारण काहींच्या तोंडात तीळ भिजत नाही, तर सत्यशीलाबाईंच्या तोंडात तीळ भिजायचा, त्याला मोड यायचे, तरी तो बाहेर पडायचा नाही. आळीला याचं फार कौतुक होतं. हाच गुण पुढे त्यांना किती महागात पडला, ते आळीला कळायचं कारण नव्हतं. आता रंगराव नाहीत, सासू नाही, कसब्यातली खोलीही सुटली. बाई बिबवेवाडीत दोन खोल्यांत एकट्या राहतात.

पहिल्याच दृश्यात त्यांनी ओळखलं. निळी बादली आपली. फळीवरचा उलटा ठेवलेला पितळी डबा आपला. पोराच्या डोक्यावरची लोकरीची टोपीसुद्धा आपल्या हातची वाटावी अशी. थोडा वेळ त्यांना आनंदच झाला. याच्या किती लक्षात आहे!

मग ती बाई उठली, आणि सत्यशीलाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

सगळं बरोबर होतं. तोंडावरचा पदर. हात वर करून “जवळ येऊ नकोस” म्हणणं. कापडी पिशवी. आळीच्या टोकापर्यंत मागे वळून न बघणं. पोराने दारात उभं राहून एकूण एक टिपलं होतं. फक्त त्या पदराच्या आत काय होतं, ते त्याला दिसलं नव्हतं.

पदराच्या आत रक्त होतं. डॉक्टरांनी क्षय सांगितला होता. नणंदेचं, कल्याणीचं, लग्न नुकतंच ठरत होतं. सासू म्हणाली, हा शब्द आळीत फुटला तर मुलगी घरात राहील, आणि पोराशी शाळेत कुणी खेळणार नाही. भावाच्या मळ्यात जा, सुया-गोळ्या तिकडेच घे, आम्ही सांगू आईच्या सेवेला गेली म्हणून. पोराला जवळ घ्यायचं नाही, आणि कधी कुणाला सांगायचं नाही. शपथ घातली. बाई निघाल्या. वळून बघितलं नाही, कारण वळल्या असत्या तर पोर धावत आलं असतं, आणि धावत आलेल्या पोराला न उचलण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं.

वर्ष उलटल्यावर बऱ्या होऊन आल्या, तर पोर बापाच्या सदऱ्यामागे लपलं. डॉक्टरांनी आता त्याला खुशाल मांडीवर घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि तो मांडीवर येईना. तेव्हा सांगता आलं असतं, पण कल्याणी सासरी नवी होती, अंगाची हळद अजून उतरली नव्हती. मग तो मोठा झाला आणि त्याने विचारायचंच सोडून दिलं. रंगराव म्हणत, सांगू सावकाश. सावकाश सांगता सांगता तेच गेले. जी गोष्ट वेळेवर सांगितली नाही, तिला पुढे वेळ मिळतच नाही. लहान होता, विसरला असेल, या एका समजुतीवर सत्यशीलाबाईंनी सगळं आयुष्य काढलं होतं. तो काहीही विसरला नव्हता.

दिवे लागले. चर्चा सुरू झाली. मागच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले.

“बाई का गेली, हे तुम्हाला माहीत आहे का? का आम्ही घरी जाऊन पंचांगात बघायचं?”

लोक हसले. एका कॉलेजच्या मुलीने तेच जरा मऊ करून विचारलं. “सर, आईचं मोटिव्हेशनच कळत नाही. म्हणजे एवढं लहान मूल सोडून ती जाते, पण काहीच रीझन नाही.”

इंद्रजीतने माइक हातात घेतला. “कारण असतंच असं नाही. काही बायका जातात,” तो म्हणाला. “त्या मुलाने खूप शोधलंय कारण. शेवटी त्याला एवढंच सापडतं, की थांबावं असं त्याच्यात काही नव्हतं.”

हॉलमध्ये कुणाला हे फारसं भिडलं नाही. आजोबा पिशवी उचलून निघालेही होते. सत्यशीलाबाईंनी मात्र मान वर करून मुलाकडे नीट बघितलं. चाळिशीचा बाप्या माणूस, कानाशी केस पिकलेले, आणि हे घेऊन हिंडतोय. त्यांना तिथल्या तिथे उठून त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. त्या बसून राहिल्या.

परतताना मायलेक रिक्षात बसले. स्वारगेटच्या अलीकडे रिक्षा गर्दीत अडकली.

“कुणालाच आवडला नाही,” तो म्हणाला.

“बादली छान होती.”

तो हसला. हसला तसा बाईंना धीर आला.

“सगळीकडे हेच ऐकतोय, आई. बाई का गेली? अजून एखादा प्रसंग जोडता येईल. पण काय जोडू? तूच सांग, का जाईल अशी बाई?”

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. सिनेमातल्या बाईबद्दल का होईना, विचारलं होतं.

सत्यशीलाबाईंनी सांगितलं. समज, त्या बाईला क्षय झालाय, म्हणून सुरुवात केली. नणंदेचं लग्न सांगितलं, सासूची शपथ सांगितली, पदरातलं रक्त सांगितलं. जन्मात एका दमात एवढं बोलल्या नव्हत्या. इंद्रजीत डोळे मिटून ऐकत होता.

“कोपऱ्यावर वळल्यावर ती भिंतीला धरून उभी राहते,” त्या म्हणाल्या. “पोर रडतंय का ते ऐकते.”

“मग?”

“नाही रडत. म्हणून मग तीच रडते.”

त्याने डोळे उघडले. कळलं, त्यांना वाटलं. कळलं याला.

“आई, आजार नको गं,” इंद्रजीत हळूच म्हणाला. “आपल्या सिनेमात बाई खोकली की लोकांना पुढचं सगळं कळतं. आणि सासू, नणंद, शपथ, ही तर मालिका झाली. फार मालिका बघतेस तू.”

“माझा टीव्ही दिवाळीपासून बंद आहे.”

“रागावू नकोस. रडण्याचं चांगलंय, ते मी घेईन कदाचित. पण मुळातच पटत नाही बघ. ती बरी होऊन परत येते ना? मग पोराला सांगत का नाही? एका वाक्याचं काम आहे. पोर जन्मभर झुरतंय, आणि आई त्याच घरात, त्याच्यासमोर, गप्प?” त्याने त्यांच्याकडे बघितलं. “असं कुणी करतं का, आई?”

तो अगदी मनापासून विचारत होता. एक वाक्य सत्यशीलाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण ते आता बोललं, तर गेल्याचं कारण त्याला मिळणार होतं आणि न सांगितल्याचं मिळणार नव्हतं. ते त्यांच्याकडेही नव्हतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “असं कुणी करत नाही.”

“तेच म्हणतोय मी. त्यापेक्षा कारण नसलेलंच बरं,” इंद्रजीत म्हणाला, आणि पुढे वाकून त्याने रिक्षावाल्याला बिबवेवाडीचा रस्ता सांगितला.