वलांडीचे बांबू आणि चौकाकडे उतरणारी सायकलवाट

"रविवारी कपडे वाळत घालायचे सोडून डोंगर खणायला जातेयस?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा माझं जाणं पक्कं झालं. कपड्यांची बादली मी त्याच्याच हातात दिली.

ही नव्वदीच्या उत्तरार्धातली गोष्ट. आम्ही मुंबई सोडून भाईंदरच्या गोडदेवला राहायला आलो होतो. गिअरच्या सायकली तेव्हा नुकत्याच दिसू लागल्या होत्या. भाईंदरच्या काही हौशी मंडळींनी तारोडीच्या टेकडीवरून चौक या कोळ्यांच्या गावाकडे उतरणारी पायवाट सायकलींसाठी राखायचं मनावर घेतलं होतं. त्यांच्यात मी एकटीच बाई, आणि माझी सायकलही साधी, लेडीज. त्या पावसाळ्यात वाटेची कड ढासळली. तुमच्या चाकांनीच ढासळली, असं गावकरी म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. रविवारी संध्याकाळी गावची बैठक होती. तोवर वाट सावरली नाही, तर सायकली कायमच्या बंद.

जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा असा सरळ रस्ता आहे. मिठागरांवरचा वारा समोरून येतो, तेव्हा जोर मारण्यात अर्थ नाही. सायकल नसेल तर उत्तनची बस स्वस्त पडते. पाणी मात्र घरून न्या.

मी पोचले तेव्हा काम जोरात चाललं होतं. आमचा म्होरक्या शिरीष, बँकेतला, करवतीने बांबूचे हातभर खुंट पाडत होता. बाकीचे ते ढासळलेल्या कडेला ठोकत होते. मी माती भरू लागले.

"बांबू कुठून आणलेस?" मी विचारलं.

"इथेच पडले होते, ताई. जुने, काळे पडलेले. कोणाचे नसावेत."

ते जिचे होते ती वरून येताना दिसली. इनास मावशी, चौकातली कोळीण. तिने पाटी खाली ठेवली.

"अगो बाय, कोनी कापली? आमची वलांडी हाय ही!"

बोंबील ज्यावर टांगून वाळवतात ती मांडव घातल्यासारखी वलांडी पावसाळ्यात सोडून ठेवतात. तिच्या बांबूंना गावात कोणी हात लावत नाही, म्हणून राखणही नसते. आम्ही निम्मे बांबू कापून बसलो होतो.

"पाऊस सरला, उद्या होड्या लागतील. बोंबील काय तुमच्या सायकलीवर टांगू?"

शिरीष चाचरला. "मावशी, भरपाई देतो ना."

"पैसं न्हाय वाळत घालायचं मला."

हार्डवेअरवाला जिग्नेश हळूच म्हणाला, "बेन, कल टेम्पो मिल जायेगा."

"कल नहीं, आज," मी म्हटलं. "आणि तोवर कोणी घरी जायचं नाही."

दुपारी भाईंदरहून बांबू आले. वाट तशीच सोडून आम्ही सगळे वलांडी उभारायला लागलो. आमच्या गाठी बघून मावशी म्हणाली, "या काय बुटाच्या नाड्या हायत?" आणि स्वतः काथ्या आवळायला बसली. मग तिनेच भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे केली. ज्यांनी तिचं नुकसान केलं, त्यांनाच. शुद्ध शाकाहारी जिग्नेशला कांदा आणि गूळ मिळाला. इतकं चवीचं जेवण मला फार थोड्या वेळा मिळालं आहे.

संध्याकाळी वलांडी उभी होती आणि वाट अर्धवट. शिरीष ठोकलेले खुंट उपटायला निघाला.

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "उपटून काय परत लांब होतील?"

बैठकीत आम्ही माना खाली घालून बसलो. मावशीच उठली. "येऊ देत सायकली. पन बोंबील टांगले असतील तवा उतरून चालायचं. धुरळा न्हाय उडवायचा."

"आनि वाट कोन पुरी करील?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"ही बाई हाय ना. आनील सगल्यांना कान पकडून."

मी आणलं. पुढच्याच रविवारी.

बैठकीहून परतले त्या रात्री मावशीने दिलेल्या सुक्या बोंबलाच्या पुडीचा वास जिन्यातून आमच्या मजल्यापर्यंत माझ्या आधी पोचला. नवऱ्याने दार उघडून फक्त म्हटलं, "कपडे वाळलेत." त्याचेही आभार.

वाट त्यानंतर कितीतरी पावसाळे टिकली. तिची कड मावशीच्या वलांडीच्या तुकड्यांनी धरून ठेवली होती. तिथून उतरताना मी सायकलवरून पाय खाली टेकायचे आणि चालत जायचे. बोंबील टांगलेले नसले तरी.