चौथ्या कडीवरचं कुंकू

कल्पना करा, तुम्ही पंधरा वर्षांचे आहात. डोक्यावर वेल्डिंगचं हेल्मेट आहे आणि मान झटकून तुम्ही त्याची काच खाली पाडली आहे. सगळं काळं झालं. हातातल्या गनचा खटका दाबला की एक हिरवट ठिपका पेटतो आणि त्या ठिपक्याएवढंच जग उरतं. त्यात वितळलेल्या लोखंडाचं इवलंसं तळं असतं. ते तळं एकाच वेगाने पुढे न्यायचं. घाई नको, रेंगाळणंही नको. जोड संपला, काच वर केली, तर समोर माशाच्या खवल्यांसारखी रेघ. छान दिसते. आता सांगा, आत काय झालं आहे?

सुलेखा हा प्रश्न क्लबातल्या प्रत्येक मुलाला विचारायची. कोणी म्हणायचं, “इट लुक्स गुड.” त्यावर ती म्हणायची, “दिसण्याचं मी विचारलंच नाही.”

सुलेखा नागपूरची. तिथल्या पॉलिटेक्निकमधून मेटलर्जी शिकली, लग्न होऊन मिशिगनला आली, आणि नोव्हायजवळ मोटारींच्या सीटचे सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्ड तपासायला लागली. लाइनवरून सांगाडा उचलायचा, जोड आडवा कापायचा, घासून चकचकीत करायचा, त्याला ॲसिड लावायचं आणि लोखंड आतपर्यंत एकजीव झालंय की नुसतं वर बसलंय ते बघायचं. या नोकरीने तिला एक खोड लावली होती. कुठलाही कठडा, कुठलाही जिना दिसला की ती जोडावर नखाने टकटक करायची. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक म्हणायचे, “सुलेखा, आधी खुर्च्या पास कर बाई, मग आम्ही बसतो.” ती हसायची, आणि बसण्याआधी खुर्ची उलटी करून बघायचीच.

शनिवारी ती काउंटीच्या जत्रेसाठी वस्तू बनवणाऱ्या मुलांच्या क्लबात शिकवायला जायची. मुलं शेगड्या बनवायची, घोड्याच्या नालांचे स्टँड बनवायची. २००७च्या उन्हाळ्यात तिची मुलगी उर्वी म्हणाली, “मी झोपाळा करणार. प्रॉपर झोपाळा, फळीवाला.”

दोन्ही बाजूंना तिरके पाय, वर जाड आडवा पाइप, पाइपाला वेल्ड केलेल्या चार कड्या, कड्यांतून साखळ्या आणि खाली फळी. जत्रा संपली की हा झोपाळा कुठे जाणार तेही ठरलं होतं. पलीकडच्या गल्लीत मनोहरकाका आणि अहिल्याकाकू राहायचे. काका निवृत्त डॉक्टर. त्यांनी पाइप कापायच्या आधीच तो आपल्या पोर्चसाठी मागून ठेवला होता. झोपाळ्याचं सगळं वजन चार कड्यांवर येणार होतं, आणि त्या वजनात दोन म्हातारी माणसं असणार होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, सुलेखाने गॅरेजमध्ये कड्यांची टेस्ट घेतली. आधी जोडावर लाल रंगाचा फवारा मारायचा. तो मुरू द्यायचा, मग स्वच्छ पुसून वर पांढरा फवारा मारायचा. तडा असेल तर त्यात शिरलेला लाल रंग जखमेतून रक्त यावं तसा पांढऱ्यावर उमटतो. पहिल्या तीन कड्या कोऱ्या निघाल्या. चौथीवर पांढरा फवारा मारला आणि डबा संपला. तेवढ्यात काका-काकूंची गाडी आत आली. पांढऱ्याला थोडा वेळ द्यायचाच होता, म्हणून सुलेखा चहा टाकायला घरात गेली.

ती परत आली तेव्हा चारही कड्यांवर लाल बोटं उमटली होती. काकू पर्समध्ये करंडा मिटून ठेवत होत्या.

“काकू, हे काय केलंत?”

“काय म्हणजे? नवी वस्तू आहे. उद्या एवढ्या लोकांच्या नजरा पडायच्या.”

“तो पांढरा रंग टेस्टचा होता.”

“म्हणूनच कुंकू छान उठून दिसलं.”

सुलेखा वाकली. काकूंनी कुंकू पाण्यात कालवून लावलं होतं. तीन कड्यांवर बोटाखालून एकेक ओघळ सरळ खाली आला होता. चौथीवर तो सरळ नव्हता. जोडाच्या कडेला लागून, तिरकी, केसाएवढी बारीक लाल रेघ होती.

“काका, ही बघा. ही निराळी आहे.”

काकांनी चष्मा वर करून बघितलं. “अगं, एक्स-रेत डाग दिसला की आम्ही आधी विचारायचो, पेशंटच्या गळ्यात काय आहे? निम्म्या वेळा ताईत निघायचा. समोर कुंकवाचा करंडा दिसतोय आणि तू रोग शोधतेस.”

“आई, इट्स जस्ट कुंकू,” उर्वी म्हणाली. “सकाळी आठला जत्रेत चेक-इन आहे. प्लीज.”

सुलेखाने सगळं पुसलं आणि भिंग लावून बघितलं. काही दिसलं नाही. पुसल्यावर डोळ्यांना तडा दिसत नाही, म्हणून तर ही टेस्ट असते, हे तिला पाठ होतं. जत्रा झाली की कारखान्यातून नवा डबा आणायचा आणि टेस्ट केल्याशिवाय झोपाळा काकांना द्यायचा नाही, असं तिने ठरवलं.

जत्रेत झोपाळा सशांच्या पिंजऱ्यांशेजारी उभा होता. क्लबचा नियम असा, की जोड रंगवायचे नाहीत, परीक्षकाला उघडे दिसले पाहिजेत. परीक्षकाने टॉर्च मारून प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवला आणि पहिल्या नंबरची निळी रिबन बांधली. लोक कौतुक करत होते. सुलेखा मात्र कोणी फळीवर टेकू नये म्हणून दोरीपाशी उभी होती.

शेवटच्या दिवशी कारखान्यात लाइन अडली आणि तिला कामावर जावं लागलं. संध्याकाळी कळलं, काकांनी कुणाचा तरी पिकअप आणून झोपाळा नेला. तिने फोन केला. “काका, मी येईपर्यंत बसू नका.”

“नाही बसत गं बाई.”

शनिवारी ती डबा घेऊन गेली, तर पोर्चमध्ये हिरवागार झोपाळा. काकांनी तिला सरप्राइज म्हणून त्यावर भट्टीत भाजून पक्का करतात तसा रंग चढवून आणला होता. रंग उर्वीने निवडला होता. त्या जाड थराखाली आता कुठलीच टेस्ट चालणार नव्हती. काका आणि काकू झोके घेत होते, मध्ये चिवड्याचा डबा. मागे जाताना झोपाळा गप्प असायचा. परत येताना वरून आवाज यायचा, टक्.

“हा आवाज कसला?”

“साखळीचा,” काका म्हणाले. “झोपाळा वाजायचाच.”

“रंग खरवडून एकदा बघू द्या मला. एकाच कडीवरचा.”

काकूंचा चेहरा पडला. “लेकीच्या हातचं पहिलं काम आणि तू ते खरवडणार?”

सुलेखाने गाडीतून सामान बांधायचा काळा पट्टा आणला, वरच्या पाइपावरून घेतला आणि चौथ्या साखळीत गुंतवून आवळला. कडी तुटलीच तर पट्टा धरेल. तोवर ती त्यांचं मन वळवणार होती. पण दिवाळी गेली, बर्फ पडलं, आणि नेहमीप्रमाणे काका-काकू हिवाळ्यासाठी मुलाकडे, वेस्ट विंडसरला गेले.

एप्रिलमध्ये क्लब पुन्हा सुरू झाला. सुलेखा मुलांना ठिणग्या ओळखायला शिकवत होती. साधं लोखंड ग्राइंडरला लावलं की ठिणग्या सरळ उडतात. मग तिने जुन्या स्प्रिंगचा तुकडा लावला. ठिणग्या टोकाशी फुलांसारख्या फुटल्या. “हे कडक पोलाद,” ती म्हणाली. “साध्या लोखंडासारखं वेल्ड केलंत तर गार झाल्यावर चिरतं. लगेच नाही. कधी कधी दुसऱ्या दिवशी.”

उर्वीने हातातलं हेल्मेट बाकावर ठेवलं.

“आई, माझ्या चौथ्या कडीच्या ठिणग्या अशाच फुटल्या होत्या.”

“कुठली कडी?”

“झोपाळ्याची. एक कडी हरवली होती. शेडमागे ट्रॅक्टरची जुनी स्प्रिंग पडली होती, आय कट इट फ्रॉम दॅट. शेप सेम होता ना. आय डिड्न्ट थिंक इट मॅटर्ड.”

सुलेखाने तिथूनच काकूंना फोन लावला.

“तो झोपाळा होय?” काकू म्हणाल्या. “अगं, मार्चात दोन दिवस येऊन घर विकून टाकलं, तुला कळवायचंच राहिलं बघ. ट्रकमध्ये जागा उरली नाही, मग ड्राइव्हवेच्या टोकाला ठेवला ‘फ्री’ लिहून. मला तर रडूच आलं. दुपारी बघितलं तर नव्हता. कुणी नेला कोण जाणे.”

“आणि मी बांधलेला पट्टा?”

“तो काळा पट्टा? तो दिवाळीतच काढला. सणाचा अपशकुनी दिसत होता.”

सुलेखाने किराणा दुकानात आणि लायब्ररीत कागद लावले: हिरवा झोपाळा नेला असल्यास कृपया त्यावर बसू नका, फोन करा. फोन आला नाही. ती वस्त्यांमधून गाडी हळू नेऊ लागली. एका अंगणात हिरवा झोपाळा दिसला, तिने दार वाजवलं, पण तो दुकानातून विकत आणलेला होता. दुसऱ्या घरी तर कुत्रा अंगावर आला.

जून लागला. घराघरांतून मुलं बाहेर आली, मागच्या अंगणांतून साखळ्यांचे आवाज यायला लागले. एका रविवारी सुलेखाने गॅरेजमध्ये पाइपाच्या एका तुकड्यावर कड्या जोडल्या. जोड धड आहेत, कुठेच तडा नाही याची आधी खात्री करून घेतली, पांढरा फवारा मारला, करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवलं आणि एकेका कडीवर बोट टेकवलं. ओघळ सरळ खाली आले. पुसून पुन्हा केलं. या वेळी एक ओघळ जोडाच्या कडेला अडला आणि तिरका वळून, बारीक होत, केसासारखा पुढे गेला. तिने पुसलं आणि परत केलं. सगळे सरळ.

उर्वी दारात उभी होती. “सो? कुंकू होतं का?”

सुलेखा लाल बोट फडक्याला पुसत पाइपाकडे बघत राहिली. पलीकडच्या कुठल्यातरी अंगणात झोका मागे गेला आणि परत आला. त्या संध्याकाळची ती रेघ काकूंच्या बोटावरून खाली उतरली होती, की कडीच्या आतून वर आली होती?