दारापुढचा दहीभात

लग्नानंतर आम्ही कसबा पेठेत एका तीन मजली घरात भाड्यानं राहत होतो. गच्चीला लागून पत्र्याची एक खोली होती. आमच्या आधीची भाडेकरीण एका उन्हाळ्यात तिथं मरून पडलेली सापडली होती. अजूनही भर दुपारी ती आतून दार ठोठावते, असं खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणकाकू सांगत. त्यावर त्यांचा उपाय ठरलेला होता: दारापुढे दहीभात ठेवायचा आणि मागे वळून न बघता जिना उतरायचा. मी पडले शिकलेली, त्यामुळे हसायचे. भुतामुळे भाडं काही कमी झालं नव्हतं.

मला सातवा महिना होता. ऐन वैशाखात, दुपारची, वाळलेल्या कुरडया ठेवायला मी त्या खोलीत गेले. वाऱ्यानं दार धाडकन आपटलं आणि बाहेरची कडी आपसूक कोयंड्यात बसली.

आधी मला हसूच आलं. मग ठोठावलं, हाका मारल्या. वर पत्रा तापलेला, खिडकी नाही. घसा कोरडा पडला. थोड्या वेळानं लक्षात आलं, पोटातलं बाळ हलेनासं झालंय. मी दोन्ही मुठींनी दार बडवू लागले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"काकू, मी आहे! दार उघडा!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले.

दारापाशी काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. फटीतून दह्याचा आंबूस वास आला आणि मला सगळं कळलं. पावलं घाईघाईनं खाली गेली. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. त्यांच्या लेखी मी मेलेली होते, आणि जितकी ओरडत होते तितकी त्यांची खात्री पटत होती.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला आणि मला शोधत वर आला. त्याचा पाय आधी दहीभातात पडला, मग त्यानं कडी काढली. पाणी प्यायल्यावर कधीतरी बाळानं लाथ मारली, तेव्हा मी हमसून हमसून रडले.

काकू वर आल्या. ओशाळल्या वगैरे अजिबात नव्हत्या.

"अहो, ओळखायचं तरी कसं? तीसुद्धा हेच म्हणायची. 'काकू, मी आहे, दार उघडा.'"

"कधी म्हणायची?" मी विचारलं. "गेल्यानंतर, की आधी?"

काकू खाली बसून सांडलेला भात गोळा करू लागल्या.

"आधीसुद्धा," त्या म्हणाल्या. "दुपारची वेळ होती हो. आम्ही जरा पडलो होतो."