तिघांचं ऐकणं

लातूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या सरांना जॅझचं भारी वेड. रविवारी मला सोफ्यावर बसवून ते पियानो, बास आणि ड्रम वाजवणाऱ्या तिघांची रेकॉर्ड लावत. "आधी काहीच ठरलेलं न्हाई. नुसतं एकमेकांचं ऐकून वाजवायलेत," ते डोळे मिटून सांगत. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं.

परवा रेकॉर्ड चालू असतानाच वहिनी, म्हणजे सरांची बायको, घाईघाईनं बाहेर आल्या. "अहो, औशाहून माहेरचा फोन आलाय. बाबांना दवाखान्यात नेलंय."

सरांनी डोळे न उघडता गप्प बसण्यासाठी बोट वर केलं. वहिनी क्षणभर थांबल्या. मग मला "येते भाऊजी" म्हणून पिशवी घेऊन निघाल्या.

रेकॉर्ड संपल्यावर सरांनी चहासाठी आत हाक मारली.

"वहिनी औशाला गेल्या," मी म्हणालो.

"कमाल हाय," सर म्हणाले, "एका शब्दानं बोलली न्हाई."