खालचा सूर

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा नातेवाइकांची रीघ लागली होती. पंधरवड्यात ती आटली. उरले बाबा, मी आणि त्यांचा उजवा पाय, जो चार पावलं टाकली की जमिनीला चिकटून बसायचा. डॉक्टर म्हणाले, रोज धरून चालवा. सांगायला काय जातं? मला नोकरी, आणि बाबांचं वजन माझ्या दुप्पट.

त्यात जयंती तोंडावर आलेली. आमच्या वस्तीतल्या विहारात जयंतीच्या सकाळी बाबासाहेबांच्या प्रतिमेला पहिलं फूल वाहायचा मान वर्षानुवर्षं बाबांचा. बाबा शाळामास्तर, सगळी वस्ती त्यांच्या हाताखाली शिकलेली. "खुर्चीत घालून नेणार असाल तर मी येणार नाही," त्यांनी सांगून टाकलं. बाबा एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेवाचंही चालत नाही. त्याला तर ते मानतच नाहीत.

शेजारी एक ख्रिस्ती जोडपं राहतं. तो वाळूजला कारखान्यात, दर आठवड्याला पाळी बदलणारी. ती खाजगी दवाखान्यात नर्स. नवराबायकोची गाठ पडते ती बहुतेक जिन्यातच. एका संध्याकाळी दोघं जोडीनं आमच्या दारात उभे.

"काका, आमचे लेंटचे दिवस चालू हायेत," तो म्हणाला. "ईस्टरच्या आधी आम्ही कायतरी सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. आम्ही औंदा दुपारची झोप सोडलीय. तो टाइम तुमचा."

"माझ्यासाठी प्रार्थना वगैरे करायची नाही," बाबा म्हणाले.

"तुमच्यासमोर नाय करणार."

बाबांना हसू आलं. झटका आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले.

तिनं बाबांच्या कमरेला जाड पट्टा बांधला आणि मागून तो कसा धरायचा ते त्याला दाखवलं. तेव्हापासून दोघांपैकी जो मोकळा असेल तो यायचा. पहिली पाळी असली की तो बसमधून उतरून, तोंडावर पाणी मारून हजर. रात्रपाळीच्या आठवड्यात एकदा बाबा दम घ्यायला थांबले, तर हा पट्टा हातात धरून भिंतीला टेकल्या टेकल्या झोपला. मी उठवायला गेले. "झोपू दे त्याला," बाबा म्हणाले आणि स्वतः खिडकीचा गज धरून तसेच उभे राहिले.

एकच तक्रार होती. चालवताना तो गुणगुणायचा. एकच सूर लांबवायचा, मग जरा खाली, मग पुन्हा तिथंच. जात्यावर दळण चालावं तसं ते घरभर घरघरायचं. शेवटी मी त्याच्या बायकोला म्हटलंच, "अगं, तुमच्या चर्चमध्ये यांना गाऊ देतात?"

ती हसली. "ताई, ही चाल नाय. कॉयरमधी चार आवाज असतात. चाल आम्ही बायका म्हणतो, हे खालचा सूर धरतेत. एकटा ऐकला की असाच लागतो. तालमीला जायला यांना सवड नाय, म्हणून इथंच घोकतेत."

म्हणजे एका दगडात दोन पक्षी. पण बाबांचा पाय हळूहळू त्या सुराला उचलायला लागला, हे मात्र मान्य करावं लागेल. सूर थांबला की पायही थांबायचा. असा शेजार मिळायला नशीब लागतं, असं मी एकदा म्हटलंही. बाबा नशीबही मानत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही.

जयंतीला नेमकी त्याची पहिली पाळी आली, आणि ती दवाखान्यात. मी बाबांना पांढराशुभ्र सदरा घातला आणि विहारात नेलं. दारापर्यंत सगळं नीट झालं. पायरीशी आलो आणि पाय चिकटला. सगळी वस्ती पाहत होती. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणायला धावलं. बाबांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

मला गळा नाही. तरी मी पट्टा धरला आणि ते दळण सुरू केलं. एक सूर, जरा खाली, पुन्हा तिथंच. पाय उचलला. दुसऱ्या पायरीवर बाबा स्वतःच गुणगुणायला लागले. कुणाला काही कळलं नसावं. बाबांनी आपल्या हातानं फूल वाहिलं आणि मी रडले, सगळ्यांसमोर.

दुपारी तो बसमधून उतरून थेट आमच्याकडेच आला, अंगावर कारखान्याचा गणवेश तसाच. "काका, जमलं का?"

"जमलं. तुझा सूर म्हणत गेलो." बाबा म्हणाले. "रविवारी तुमचा ईस्टर ना? मी येणार. मला ती वरची चाल ऐकायचीय."

त्यानं खुंटीवरचा पट्टा काढला.

"मग उठा, काका. चर्चला पायऱ्या जास्त हायेत."