ताडी काय दारू हाय?

माझ्या आधी माझा राग घरात शिरतो, असं सातपाटीत आमच्या आळीतल्या बायका म्हणत. खोटं नव्हतं ते. शाळेतून येताना कुणी दप्तर ओढलं, दोघीजणी एकाच वेळी बोलायला लागल्या, चुलीचा धूर डोळ्यांत गेला, एवढंही मला पुरे व्हायचं. आधी कान तापायचे. पुढचं काही आठवायचं नाही. भान यायचं तेव्हा समोर फुटका माठ असायचा, नाहीतर कुणाच्या तरी गालावर माझी नखं उमटलेली असायची. मग मी भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि जेवायलाही उठत नसे. राग परवडला, पण त्याच्यामागून येणारी ती शरम नको, असं मला आजही वाटतं.

शाळेत आज पाठ झालेले पाढे उद्या डोक्यात नसायचे. मास्तर म्हणाले, मुलगी आळशी आहे. आजी म्हणाली, वारं लागलंय, आणि मला भगताकडे घेऊन गेली. भगताने कोंबडा ठेवून घेतला, राग मात्र आमच्याबरोबर परत पाठवला.

आई सकाळी मासळीची पाटी घेऊन एसटीने पालघरच्या बाजारात जायची. दुपारी परतताना इतर कोळणींबरोबर ताडीच्या दुकानात टेकायची. ग्लासभर ताडी, भाजलेला सुका बोंबील आणि जगभराच्या उखाळ्यापाखाळ्या, हीच काय ती तिची करमणूक. मी काही फोडलं की ती मला मारत नसे, पण तोंडाने सोलून काढायची. सगळी आळी ऐकायची. ती ओरडायला लागली की माझं डोकं हळूहळू ठिकाणावर यायचं. का, ते मला सांगता येत नाही. तिचा तो आवाज मला हवा असायचा.

मोठी झाल्यावर मी बोईसरजवळ कुंभवलीला मावशीकडे राहून एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायला जाऊ लागले. मशीनचा खडखडाट, त्यावरून चढ्या आवाजात चाललेलं हिंदी, आणि मधे मी. एकदा मुकादम मागून म्हणाला, "सोती है क्या?" मी समोरचा ट्रे उचलून भिरकावला. तो त्याला लागलाच नाही. शेजारच्या बाईची भुवई फुटली. त्या बिचारीने मला डब्यातली भाकरी कितीदा दिली होती. नोकरी त्याच दिवशी गेली.

आई धावत आली. बोईसरला मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई मुंबईहून येत असत, त्यांच्याकडे तिने मला नेलं. बाईंनी माझा चेहरा बराच वेळ पाहिला, शिंप्यासारखी टेप लावून डोकं मोजलं, आणि आईला विचारलं, ही पोटात असताना तुम्ही दारू घेत होता का? आई भडकली. आयुष्यात दारूला शिवले नाही म्हणाली. बाईंना या भागाची माहिती असावी. त्यांनी सावकाश विचारलं, "आणि ताडी?"

"ताडी?" आई हसली. "ताडी काय दारू हाय? ती रोजची."

मग तिने कौतुकाने सगळं सांगितलं. पोटात आग पडायची, ओकाऱ्या यायच्या, तेव्हा सासूच म्हणायची, ताडी पी, थंड असते. सकाळची गोड ताडी तिला मिळत नसे. बाजार आटपेपर्यंत आंबलेली, डोक्यात जाणारी उरायची, तीच आई प्यायची. बाईंनी सगळं कागदावर लिहून घेतलं.

आईला बाहेर बसवून त्या मला म्हणाल्या, "दारू पोटातल्या बाळाच्या मेंदूला लागते, ताडीसुद्धा. नक्की कुणीच सांगू शकत नाही, पण तुझा राग तिथून आला असावा. हा तुझा दोष नाही. आईचाही नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हे तिला नीट समजावून सांग, नाहीतर ती स्वतःला खात बसेल." कान तापले की जागा सोडायची, गर्दी-गोंगाटातलं काम घ्यायचं नाही, जेवणझोप वेळेवर, हेही सांगितलं. त्याचा पुढे मला उपयोग झाला.

बाहेर आले तेव्हा मला इतकं हायसं वाटत होतं की रडू येत होतं. मी वाईट नव्हते. आईने विचारलं, काय म्हणाल्या बाई? मी म्हणाले, "तू ताडी प्यायलीस म्हणून मी अशी झाले." बाकीचं उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं.

आईची ताडी त्या दिवसापासून सुटली. बायका चिडवत, माळ घातलीस काय गं? ती हसल्यासारखं करून स्टँडवर एकटीच एसटीची वाट बघत बसे. मी सातपाटीला परत आले होते, पण घरी तिचं ओरडणं बंद झालं. मी ताट आपटलं तर ती गुपचूप भात गोळा करी. पापलेटचा मधला तुकडा माझ्या पानात पडू लागला, मागेन ते मिळू लागलं. मला सगळं दिसत होतं. अर्धं वाक्य सांगायचं राहिलंय, हेही रोज आठवायचं. पण ती अशी नमून वागते आहे ते मला सोयीचं होतं, म्हणून मी गप्प राहिले. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

वर्षभराने खाडीपलीकडच्या मुरबे गावचं स्थळ आलं. मावशीने बजावलं होतं, रागाचं कुणी बोलायचं नाही. मुलाची आई पाहायला आली. मी आत चहा गाळत होते, तेवढ्यात आईचा आवाज आला.

"पोरीत खोट नाय. तिला राग येतो तो माझ्यामुले. ती पोटात होती तवा मी ताडी प्यायले. नाव ठेवायचं तर मला ठेवा."

मावशीने कपाळावर हात मारला. मी गाळणं हातात घेऊनच दारात आले. मुरब्याची बाई आईकडे वळली.

"आमी सगल्याच प्यायलो, बाय," ती म्हणाली. "माजी थोरली पन अशीच तापट हाय. आपल्याला कुनी सांगितलं होतं काय? नाय ना? मग तुजी कसली चूक?"

"खरंच नाय?" आईने विचारलं. लहान पोर विचारतं तसं.

"नाय."

आई पदर तोंडात कोंबून रडली. ती बाई उठून तिच्याजवळ बसली आणि तिची पाठ चोळत राहिली. वर्षभर मी त्याच आईच्या शेजारी झोपत होते, आणि तिला जे हवं होतं ते एका परक्या बाईने चहा यायच्या आत देऊन टाकलं.

त्याच घरात मी सून म्हणून गेले. सासूला मी कधी उलट बोलले नाही. लग्नाने हिचा राग उतरला, असं सातपाटीत म्हणतात. राग आहे तसाच आहे. फक्त सासूपुढे माझी मान वर होत नाही.